गॅरेजमधलं सूप

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५
ज्ञानदाचा फोन. स्वतःहून. बॉस्टनला थंडी पडली म्हणाली. कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये बीफ-बटाट्याचं दाट क्रीमी सूप मिळालं, अख्ख्या सेमिस्टरमध्ये खाल्लेली ती एकच चांगली गोष्ट. मी म्हणालो, त्यात काय, घरी करता येईल. ती हसली. म्हणाली, बाबा, यू डोन्ट ईव्हन ईट एग्ज.

निश्चय: डिसेंबरच्या सुट्टीत ती इथे, तासाभरावर, श्रूजबरीला येईल तेव्हा ते सूप तयार असेल. इथे यायचं की सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला आईकडे जायचं, हे तिचं अजून ठरलेलं नाही. मी त्यात पडणार नाही. सूप ही फक्त एक सोय आहे.

(मालिनीचा, म्हणजे तिच्या आईचा, बेलव्ह्यूचा प्रोजेक्ट सहा महिन्यांचा होता. दोन वर्षं झाली. सॉफ्टवेअरमध्ये असं होतं.)

रविवार, ९ नोव्हेंबर
दिवसभर रेसिपी वाचल्या. सगळ्या ढिसाळ. 'मऊ होईपर्यंत', 'चवीनुसार मीठ'. चव कोणाची? मी जन्मापासून शाकाहारी आहे आणि राहणार. म्हणजे चाखणं बाद. पण हा अडथळा नव्हे. माझी आई नैवेद्याचा स्वयंपाक कधी चाखत नसे. आमटीच्या वासावरून तिला मीठ कळायचं. तीच परंपरा पुढे चालवायची.

शिवाय मी आजवर सगळं स्वतःच शिकलो. प्लंबिंग, टॅक्स, इडली. एकही क्लास नाही.

स्वयंपाकघरात देव आहेत, त्यामुळे सूप गॅरेजमध्ये. इंडक्शनची शेगडी, नवा कुकर, नवा डाव, नवी सुरी. सगळ्यांना लाल टेप लावली. गोंधळाला वाव नको.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
ऑफिसला सुट्टी. मीट काउंटरवर आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. आधी गाईचा नकाशा पाठ केला होता. कुठला भाग शिजायला किती वेळ घेतो वगैरे. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. मळमळ, निदान सोवळ्यातल्या आजोबांची आठवण. काही झालं नाही. हल्ली कशाचंच फारसं होत नाही. वेळ वाचतो.

काउंटरवरच्या माणसानं विचारलं, काय बनवताय? म्हणालो, सूप, मुलीसाठी. तो म्हणाला, लकी गर्ल. मी थँक यू म्हणालो आणि मांसाचं पाकीट घ्यायला विसरलो. त्यानं मागून हाक मारली.

शनिवार, १५ नोव्हेंबर
प्रयोग पहिला. अमेरिकन रेसिपीत शिट्ट्यांचा उल्लेख नसतो, ही त्यांची मोठी उणीव. मी राजम्याचं प्रमाण लावलं आणि वर दोन शिट्ट्या जास्त. बटाटे बरोबरच टाकले, उगाच दोनदा कुकर लावायचा कशाला. झाकण उघडलं तेव्हा बटाटे नव्हते. शोधले. मग उकळत्यात फ्रिजमधलं क्रीम ओतलं. फाटलं. गॅरेजमधल्या हवेत आर्द्रता कमी आहे, त्याचा परिणाम असावा.

वास घेतला. मीठ बरोबर वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर
शेजारचा संग्राम धावत आला. गॅरेजच्या दाराखालून वाफ दिसली म्हणून आग लागली वाटली त्याला. नागपूरचा आहे, आयटीतला, काही वर्ज्य नाही. काल उरलेलं सूप गरम करत होतो. म्हणाला, काका, थोडं टेस्ट करू का? मी नको म्हणेपर्यंत डाव तोंडात. मग म्हणाला, काका, हे प्यायचं आहे की वॉलपेपर चिकटवायचाय? आणि मीठ?

मी म्हणालो, घातलंय. तो म्हणाला, तुम्ही घातलं असेल, पण ते सुपात नाही पडलं.

नागपूरकरांची जीभ सावजी तिखटानं बधिर झालेली असते. नोंद घेतली, महत्त्व दिलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर
ज्ञानदाला फोन केला. थँक्सगिव्हिंगला ती नैनाकडे, म्हणजे रूममेटच्या घरी, न्यू जर्सीला जाणार आहे. आधी सांगितलं होतं म्हणाली. असेल. डिसेंबरचं विचारलं नाही, नुसतं म्हणालो, तुझ्या खोलीतला हीटर दुरुस्त केलाय. ती म्हणाली, ओके, लेट्स सी बाबा, आई तिकिटं बघतेय.

मी 'ओके' म्हणालो. योग्य शब्द. आग्रह नाही, नाराजी नाही.

हीटर उद्या दुरुस्त करायचा.

शनिवार, २२ नोव्हेंबर
प्रयोग दुसरा. मोठी सुधारणा. मांस टिश्यूनं कोरडं केलं, थोडं थोडं घेऊन लालसर परतलं. बटाटे नंतर. क्रीम कोमट करून. दाटपणासाठी बटरमध्ये मैदा भाजायचा असतो. इथे मी रेसिपीला मागे टाकलं, कारण बेसनाच्या लाडवांवर माझा हात बसलेला आहे. खमंग होईपर्यंत भाजला.

संग्रामला अधिकृत चाखणारा नेमलं. बजावलं, फक्त मीठ सांग, मत नको. म्हणाला, मीठ एक चमचा कमी, आणि मत नाही देत काका, पण दिवाळी झाली ना? लाडवाचा वास येतोय.

मैदा कमी भाजायचा. हे मी आधीच ओळखलं होतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. रस्ते रिकामे. फ्रोझन पोळी, दही, लोणचं. प्रयोग तिसरा, संग्रामच्या चाखण्यावरून मीठ कायमचं ठरवलं. तो निधीसाठी, म्हणजे बायकोसाठी, वाडगा भरून घेऊन गेला. म्हणाला, काका, आता खरंच भारी झालंय यार. तोंडदेखलं बोलणं नाही हे.

दुपारी मालिनीचा फोन. ज्ञानदानं सांगितलं असणार. तू बीफ करतोयस? तू? असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, एकनाथ, तू बरा आहेस ना? मी तिला बटर आणि मैद्याचं प्रमाण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माझ्यासाठी चहासुद्धा कधी धड केला नाहीस, म्हणाली, पण रागानं नाही. मी सांगितलं, चहात शिकण्यासारखं काही नसतं.

फोन ठेवल्यावर आठवलं, प्रोजेक्ट कधी संपतो ते विचारायचं राहिलं.

रविवार, ३० नोव्हेंबर
ज्ञानदा येतेय! येत्या शनिवारी, नैनाच्या गाडीनं. जाड कोट आणि माळ्यावरची मोठी बॅग हवी म्हणाली. बरोबरच आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी घरी सामान आणायचं तर मोठी बॅग लागणारच. म्हणजे ठरलं. तिनं स्पष्ट सांगितलं नाही, पण ती माझ्यासारखी आहे, मोजकं बोलते.

शुक्रवार, ५ डिसेंबर
कुकर काठोकाठ. शनिवार दुपार, शनिवार रात्र, रविवार दुपार, असा हिशोब धरलाय, नैना धरून. दोघींच्या गाद्या घातल्या. बॅग माळ्यावरून काढून पुसली, चाकांना तेल दिलं. संग्राम शेवटचं मीठ बघून गेला. जाताना म्हणाला, काका, राहणार आहेत ना त्या? विचारलंत ना? मी म्हणालो, एवढं सूप आहे, म्हणजे राहणारच.

शनिवार, ६ डिसेंबर, संध्याकाळ
आल्या. सूप गॅरेजमधून आणून देतोय हे बघून ज्ञानदा हसत सुटली. नैनाला म्हणाली, ही हॅज अ बीफ लॅब. मग पहिला घोट घेतला आणि हसायची थांबली. बाबा. ओह माय गॉड, बाबा. तुम्ही चाखलं पण नाहीत? मी नैवेद्याची पद्धत सांगितली. ती म्हणाली, दॅट इज द क्रेझिएस्ट थिंग, आणि आणखी एक वाडगा घेतला. नैनानंही. मी समोर बसून दहीभात खाल्ला. तिघं एका टेबलावर. छान वाटायला हवं होतं, तसं ते होतंही बहुधा.

मग तिनं विचारलं, उरलेलं घेऊन जाऊ? होस्टेलवर सगळ्या फायनल्सनं अर्धमेल्या झाल्यात. मी म्हणालो, आत्ता? म्हणाली, हो बाबा, सोमवारी पेपर आहे, निघायलाच हवं. आणि पेपर संपले की तिथूनच थेट फ्लाइट. आईनं सिअ‍ॅटलचं तिकीट काढलंय, सांगितलं ना मी? बॅग त्यासाठीच.

मी म्हणालो, हो, सांगितलं होतंस.

ती कुकरच द्या म्हणत होती, पण मी डबे भरून दिले. झाकणं घट्ट लावली, प्रत्येकाला प्लॅस्टिक गुंडाळलं. सूप डब्यात भरून नेता येतं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. योजनेत तेवढी एकच त्रुटी. गाडीत बसताना तिनं मिठी मारली. कोटाला वास येतोय म्हणाली, परतलेल्या मांसाचा, मस्त.

त्या निघाल्या तेव्हा अजून उजेड होता.

रविवार, ७ डिसेंबर
ज्ञानदाचा मेसेज. डबे रात्रीच संपले. मुलींनी बोटांनी पुसून खाल्लं. रेसिपी पाठवा, बेलव्ह्यूला ख्रिसमसला आईला करून घालीन.

यश निर्विवाद आहे.

सकाळपासून लिहीत बसलो. मांस किती कोरडं, मैदा कुठल्या रंगापर्यंत, क्रीम किती कोमट, शिट्ट्यांऐवजी साध्या पातेल्यात किती वेळ, कारण तिकडे कुकर असेलच असं नाही. 'चाखू नये' असं लिहिलं होतं, ते खोडलं. त्या दोघी चाखू शकतात.

पुन्हा वाचून बघितली. एकही शंका उरत नाही. फोन करून मला काही विचारावं लागणार नाही, इतकी स्पष्ट झाली आहे.

पाठवली. उत्तरादाखल तिचा अंगठ्याचा इमोजी आला.