उंबरठ्याचं सागवान

गोरखपूर, जबलपूर
ता. १२ ऑक्टोबर १९६५

ती. अक्कास विष्णूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही बरे आहोत, तू गुडघ्यांना तेल लावतेस की नाही ते कळव. माझ्या छातीत उन्हाळ्यात आली होती तशी कळ पुन्हा आली नाही. पण हे घराचं काम अशानं आणील असं वाटून राहिलं आहे.

मोहन मे महिन्यात रजेवर आला तेव्हा त्यानं अधारतालच्या जागेचा नकाशा स्वतः काढून दिला, तो तू पाहिला आहेस. पुढे तीन पायऱ्या, सागवानी उंबरठा, वर त्याची नि विनताची खोली. तो तोफखान्यात परत गेला, लढाई लागली, नि आता लढाई थांबली तरी त्याची रजा काही लागत नाही. येतं ते दोन ओळींचं कार्ड. मी ठीक आहे, काम फार आहे, एवढंच.

इकडे सूनबाईनं नकाशाच बदलला. मी परवा जागेवर गेलो तर पायऱ्यांचा पत्ता नाही, तिथे मातीचा उतार. मुरलीधर मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणे बाबूजी, नया नक्शा आ गया. तो नवा नकाशा म्हणजे विनताच्या भावानं, हेमचंद्रानं, पेन्सिलीनं काढलेला एक कागद. वरची खोली रद्द, ती खालीच. खालचं दार अडीच फुटांचं साडेतीन फूट. आणि उंबरठाच नाही! विचारलं तर सूनबाई म्हणाली, बापू, आजकाल तसंच करतात. आजकाल काय, लोक दारही ठेवणार नाहीत.

आमच्या फॅक्टरीत नकाशात सुताएवढा फरक करायचा तरी वरच्या साहेबाची सही लागे, आणि जुन्या कागदावर लाल शिक्का मारून तो परत घेत. इथे माझा कागद ट्रंकेत तसाच आणि मिस्त्रीच्या हातात दुसराच. सही कुणाची? कुणाचीच नाही.

मला दिसतं ते सांगतो. हेमचंद्र ओव्हरसियर आहे, भाड्यानं राहतो, आणि त्यानं नवी स्कूटर घेतली आहे. उतार कुणासाठी, रुंद दार कुणासाठी, तूच समज. मुलगा सीमेवर, आणि इकडे मेहुणा घरात शिरतो आहे.

तू मोठी आहेस, सूनबाईला दोन शब्द लिही. माया आहे तशीच ठेव.

तुझा
विष्णू


नागपूर
ता. २० ऑक्टोबर १९६५

चि. विष्णूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. गुडघे माझ्या वयाला शोभतील इतपत दुखतात. चकल्या पाठवते आहे, त्या एकट्यानं खाऊ नकोस.

तुझं पत्र वाचून लहानपणचा विष्णू आठवला. ताटात वाढलेला लाडूही दुसऱ्याच्या लाडवाशी ताडून बघायचा. अरे, उंबरठा नाही तर नाही. तुलाच रोज ठेच लागायची. सूनबाई शहाणी आहे, तिला करू दे. तिला मी काही लिहिणार नाही, आणि तूही टोचून बोलू नकोस. जेवते की नाही तेवढं बघ. मागे पुण्याला मावसबहिणीच्या लग्नाला जाताना एक रात्र माझ्याकडे उतरली होती, तेव्हा फार सुकलेली दिसली.

छातीला जप. दिवाळीत पहाटे गार पाण्यानं अंघोळ करण्याचा हट्ट धरू नको. माया तर आहेच, मागायची गरज नाही.

तुझी
अक्का


गोरखपूर, जबलपूर
ता. ६ नोव्हेंबर १९६५

ती. अक्कास विष्णूचा नमस्कार. वि. वि.

चकल्या पोचल्या. कडक आहेत, पण चव तुझ्या हातचीच. आता भांडतो.

तूही त्यांच्यातच सामील आहेस असं मला वाटतं. तुझं पत्र वाचताना ध्यानात आलं. विनता पुण्याला लग्नाला गेली तो पितृपंधरवडा होता. पक्षात लग्न कोण लावतं, अक्का? तिनं विचार न करता सांगितलं आणि मीही विचार न करता ऐकलं. तू एक रात्र तिच्यासोबत होतीस, तू तरी विचारलंस का?

तेव्हाच भावाबहिणींनी घराचं ठरवलं असणार असं धरून मी गेल्या आठवड्यात जागेवर गेलो आणि मुरलीधरकडून उंबरठा बसवून घेतला. सागवान मी स्वतः निवडून आणलेलं, रंधा मारून आरशासारखं केलेलं. दुसऱ्या दिवशी विनतानं तो काढायला लावला. मी मिस्त्रीसमोर नको ते बोललो. माहेरचं घर बांधते आहेस काय, असंही बोललो. ती मिस्त्रीला फक्त म्हणाली, भैया, लकड़ी सँभालके रखना. मला याचाही संशय आला. लाकूडही भावाला द्यायचं असेल.

आज हेमचंद्रावर डोळा ठेवायला पुन्हा गेलो. तो नव्हता. मुरलीधर नहाणीच्या भिंतीत लोखंडी कडी बसवत होता, कमरेच्या उंचीला. मी विचारलं, ही काहून? म्हणाला, ओव्हरसियर साब बोले, पकड़के उठने के लिए.

अक्का, स्कूटर नहाणीत कशाला जाईल?

मी तिथे विटांवर बराच वेळ बसलो. उतार, रुंद दार, खालची खोली, कडी. एकेक बदल सुटा बघितला म्हणून मला चोर दिसला. चारही एका कागदावर मांडले तर एकच माणूस दिसतो. पुण्यात लष्कराचं इस्पितळ आहे, हेही तेव्हाच आठवलं.

तुला माहीत होतं. माझ्या छातीसाठी तुम्ही लपवलंत, हेही कळलं. उत्तर लिहू नकोस. मी आता त्यालाच लिहितो.

विष्णू


गोरखपूर, जबलपूर
ता. १० नोव्हेंबर १९६५

चि. मोहन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र नेहमीच्या लष्करी पत्त्यावर टाकतो आहे. तू पुण्यात असशील तर तिथे ते येईलच.

घराचं कळवतो. तुझा जुना नकाशा मी ट्रंकेतून काढला, त्यावर लाल पेन्सिलीनं 'रद्द' लिहिलं आणि सही केली. हेमचंद्राच्या नकाशावरही सही केली. त्याला चहाला बोलावून केली. तो बिचारा कप धरून उभाच होता, बसा म्हटलं तरी बसेना.

त्याच्या नकाशात एक चूक होती, ती मी दुरुस्त केली. उतार फार उभा होता. फॅक्टरीत गाडा चढवायला आम्ही फूटभर उंचीला बारा फूट लांबी धरत असू. तसा नवा घातला. मग मुरलीधरची हातगाडी मागवली, मी स्वतः तीत बसलो आणि त्याला ढकलायला लावलं. तो म्हणाला, बाबूजी, लोग क्या कहेंगे. मी म्हटलं, तू ढकल. रस्त्यावरची दुकानं बघत होती. गाडी सरळ खोलीत गेली, कुठे अडली नाही. विनता दारात उभी होती. हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी गाडीतूनच तिला म्हटलं, सूनबाई, उंबरठा नाही तेच बरं. रात्री तिनं मला दोनदा वाढलं, मीही तिला बसवून वाढलं.

काढलेल्या उंबरठ्याचं सागवान तिनं जपून ठेवलं होतं. त्यालाच आणखी लाकूड जोडून मी उताराला कठडा करवून घेतला आहे. हाताला टोचणार नाही असा गोल घासला आहे. उतार अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला बसेल, आणि तो कुठल्या बाजूला ठोकायचा हे नकाशात नाही. म्हणून काम थांबलं आहे.

मी रागावणार नाही, छातीलाही काही होणार नाही. डावा की उजवा, एवढं तू स्वतः कळव.

जेवत जा. बाकी आल्यावर बोलू.

तुझा
बापू


पुणे
ता. १७ नोव्हेंबर १९६५

ती. बापूंच्या चरणी मोहनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

विनताला बोलू नका, शपथ मीच घातली होती. डावा पाय गुडघ्याखाली नाही. डॉक्टर म्हणतात संक्रांतीपर्यंत घरी जाता येईल, आधी खुर्चीवर, मग लाकडी पाय.

कठडा चढताना उजव्या हाताला येईल असा ठोका. उतरताना तो हात मोकळा राहील, त्या हाताला तुम्ही राहा.

आपला
मोहन