फाटकाजवळचा शिरीष

३ मार्च

एकोणचाळीस झाडांवर लाल फुल्या मारल्या. तीन वर्षं पाऊस नाही, त्यात भुंगेऱ्यांनी रस्त्यावरचे शिरीष आतून पोखरून काढलेत. माझं काम म्हणजे हातोडीने खोड ठोकायचं, कान लावायचा, सालीवरची भोकं बघायची. मेलेलं असेल तर फुली. तोडतात करवतवाले, शिव्या खातो मी! आज एक आजी खिडकीतून ओरडल्या, "तुझ्या दारातलं तोड की आधी!" मी सरकारी हसलो. वृक्षनिरीक्षक म्हणे! शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय लटपटतात माझे. खालूनच काय तो रुबाब.

१८ मार्च

आमची गल्ली यादीत आली. फाटकाजवळचा शिरीष ठोकला. ढब्ब! सालीखाली पिठासारखा भुसा. पान औषधालाही नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर अर्ध्या मिनिटात फुली मारून मोकळा झालो असतो. इथे वहीत लिहिलं — 'निरीक्षणाखाली'. कसलं निरीक्षण? मेलेलं झाड आणखी किती मरतंय ते?

पण आईला सांगायचं कसं? बाबांनी लावलेलं झाड. ते गेल्यापासून रोज सकाळी ती त्याच्याखाली पेपर वाचत बसते. मोडून पडेल बिचारी.

२० मार्च

आज सांगणारच होतो. भाजी फार छान झाली होती. म्हटलं, जेवण कशाला बिघडवा.

२ एप्रिल

करवतवाल्यांच्या मुकादमाने — सगळे त्याला मामा म्हणतात — गाठलंच. "साहेब, तुमच्या दारातलं कधी?"

"आई ऐकत नाही हो."

"विचारलंत?"

मला एकदम एक महत्त्वाचा फोन आठवला.

मामा पाठीमागून म्हणाला, "मेलेलं झाड वाऱ्याची वाट बघत नाही. आणि फार उशीर केलात तर मी माझी माणसं वर चढवणार नाही. सांगून ठेवतो!"

५ एप्रिल

आईची खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली. म्हटलं, झाडाखाली ऊन लागतं.

"लागणारच. पान कुठाय झाडाला?" आई म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "काय करणार आहेस त्याचं?"

"बघतो."

"बघतच असतोस."

किती कालवाकालव होत असेल तिच्या मनात! माझ्यावर विषय ढकलून पेपरात डोकं घातलं.

१० एप्रिल

फांदी पडली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी स्कूटर पुसली, किल्ली विसरलो म्हणून आत गेलो, आणि धाडकन आवाज! स्कूटरचं सीट जमिनीला टेकलेलं. वीस पावलं. तेवढाच फरक माझ्यात आणि सीटमध्ये.

आई धावत आली. माझा दंड धरून उभी राहिली.

आठ वर्षांचा असताना याच झाडावर चढून अडकलो होतो. खाली बघितलं आणि भोकाड पसरलं. बाबा ऑफिसच्या कपड्यांत वर आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते शेजारी फांदीवर टेकले, म्हणाले, "घाई नाही. तुला वाटेल तेव्हा उतरू." तासभर बसलो असू. त्यांची पँट फाटली. आईला हे सगळं आठवत असणार, म्हणूनच माझी जीभ रेटत नाही.

पण वीस पावलं! आणि त्या जागी ती असती तर? उद्या आदेश काढतो. रडली तर रडू दे.

११ एप्रिल

आदेशावर सही केली. मामाला उद्या सकाळची वेळ दिली. हात हलका वाटला म्हणून टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा सोडला — तीन आठवडे तसाच पडला होता, शाबास मी! चौथा अर्ज आमच्याच पत्त्यावरचा.

'फाटकाजवळील शिरीष वाळला असून धोकादायक आहे. त्वरित काढावा. निरीक्षक माझा मुलगा आहे व झाड त्याच्या वडिलांनी लावलेले आहे. त्याच्या हातून हे होणार नाही. त्याला न दुखवता दुसरा माणूस पाठवावा, ही विनंती.'

खाली आईची सही.