शाहिस्ताचे चार दात

उर्गुत, ३ फेब्रुवारी २००५

चि. सनोबरला आत्याचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

तू समरकंदला नर्सिंग शिकायला गेलीस ना? मग सुट्टीच्या दिवशी मैत्रिणी गोळा करून, एक पैसा न घेता, गावोगाव लोकांच्या तोंडात काय डोकावत फिरतेस? तुझी आई मात्र कौतुकाने सांगत होती.

आनंदाची बातमी म्हणजे माझ्या शाहिस्ताचं लग्न ठरलं, मार्चमधल्या नवरोजनंतर. विहीणबाई खोसियत यांनी तिच्या पुढच्या चार दातांवर चढवायला सोनं पाठवलंय. त्यांच्या घरात सोन्याच्या दातांशिवाय सून आलेलीच नाही. पोरगी मात्र रडून रडून डोळे सुजवून बसलीये. मी म्हटलं, माझ्या लग्नात सहा दातांवर चढवलं, मेले का मी? दातवाल्याकडे पुढच्या शनिवारी जायचंय. तिचा हात धरायला ये.

तुझी आत्या

समरकंद, ७ फेब्रुवारी

ती. आत्यास सनोबरचा सलाम, वि. वि.

पत्र वाचून मीही रडले. सोनं चढवायचं तर आधी धडधाकट दात चहूबाजूंनी घासून त्याचा खुंट करतात. तो पुन्हा वाढत नाही, आणि सोन्याखाली काय कुजतंय ते कुणाला दिसत नाही. आपल्या सगळ्या घराण्यात शाहिस्तासारखे दात कुणाचे आहेत, सांग!

गेल्या ईदला तू मटणाचे तुकडे पोरांच्या ताटात सारत होतीस. भूक नाही म्हणालीस. मी काय आंधळी आहे?

परीक्षेमुळे मला येता येत नाही. पण बुधवारी बायकांची भिशी तुझ्याकडे आहे आणि खोसियतबाईही येणार. बसवाल्या तोलिबकाकांच्या हाती आम्ही गावोगाव नेतो तो प्लास्टरचा जबडा आणि मोठा ब्रश पाठवतेय. कसं बोलायचं ते सोबतच्या कागदावर आहे. आवाज चढवायला तुला शिकवायला नकोच. एवढं कर, आत्या.

माया कमी करू नकोस,
सनोबर

उर्गुत, १० फेब्रुवारी

चि. सनोबरला आत्याचे दुप्पट आशीर्वाद, वि. वि.

आधी तुझ्या तोलिबकाकाला सांग, जबडा पिशवीत घालून आणतात. त्याने तो पुढच्या काचेपाशी मांडला होता! सगळी बस हसत उतरली. मी तो रजयांच्या चळतीखाली दडवला आणि मनाशी ठरवलं, आपल्याच्याने हे व्हायचं नाही.

बायका जमल्या. खोसियतबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, दात झाले का म्हणून. उत्तर टाळायला मी कुरुतची वाटी पुढे केली. तुला ठाऊकच आहेत वाळलेल्या दह्याच्या त्या दगडी गोळ्या. खोसियतबाईंनी एक उचलली आणि बोलता बोलता गरम चहात टाकली. मीही तेच केलं होतं. मग इकडेतिकडे पाहिलं, तर जिच्या तोंडात सोनं, तिच्या पेल्यात कुरुत पोहतंय! तेवढ्यात कोपऱ्यात चहा ओतणाऱ्या शाहिस्ताने आपली गोळी कडकन फोडली.

मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी विचारलं, विहीणबाई, हा आवाज तुमच्या तोंडातून शेवटचा कधी निघाला होता? मी रजयांखालून जबडा काढला, तुझा कागद सापडेना, वरचे दात खालून घासले की खालचे वरून देव जाणे, पण बोलले मात्र खणखणीत. माझे सोन्याखालचे दात कसे ठणकतात, तेही सांगून टाकलं. आजवर तुझ्या आतोबांनाही सांगितलं नव्हतं.

खोसियतबाईंनी जबडा हातात घेतला. म्हणाल्या, पहिल्या बाळंतपणानंतर आपण सफरचंदाला तोंड लावलेलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. पण बाई खमकी! लगेच म्हणाल्या, सोनं दिसलं नाही तर लोक आपल्याला चिक्कू म्हणतील, तेव्हा ते सुनेच्या कानात लटकू दे. कालच सोनाराकडे डूल करायला टाकले. शाहिस्ता घरभर नाचतेय, आणि मीही!

तुझा जबडा काही परत येत नाही. तो खोसियतबाईंनी नेला. आज सकाळपासून दारोदार फिरून बायकांना आ करायला लावताहेत, आणि आपल्याच तोंडातलं सोनं दाखवून सांगताहेत, पोरींना हे करू नका.

लग्नाला येताना एक मऊ ब्रश घेऊन ये. मागच्या बाजूला माझे स्वतःचे काही दात शिल्लक आहेत. शाहिस्ताच्या पोरांबरोबर कुरुत फोडायला मला ते हवेत.

तुझीच,
आत्या