धाकट्याने दगडाखाली उभे राहू नये म्हणून

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकसष्ट, धंदा संग्रहालयात प्रदर्शने उभी करणे, म्हणजे भिंती उभारणे, चित्रे टांगणे, मूर्ती बसवणे आणि मुदत संपली की हे सगळे पुन्हा उतरवणे, आज आपल्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाशिवाय आणि कोणी पढवल्याशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके गेलेले नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यात जे लिहिले आहे ते वाचून कोणी रडत बसू नये. जन्मभर लाकडाचा भुसा आणि प्लास्टरची धूळ ओढल्यावर दुसरे काय होणार होते? डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिने.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाटून द्यावे असे माझ्याकडे फारसे नाही आणि जे आहे त्यावर टपून बसलेलेही कोणी नाही. खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप तिसऱ्या कलमासाठी आहे. बाकीची कलमे रीत म्हणून लिहितो.

कलम पहिले. माझी एकुलती एक मुलगी परगावी दवाखान्यात नर्स आहे. बँकेत जी शिल्लक असेल ती आणि तिच्या आईचे दागिने तिला द्यावेत. घर तिला नको आहे. फोनवर ती मला स्पष्टच म्हणाली, "बाबा, ते काकांना देऊन टाका. मला त्या घरात तुमचा खोकलाच ऐकू येत राहील." बोलणे लागले, पण तिचे चुकले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. पुढच्या खोलीतला तिच्या आईचा फोटो तिने घेऊन जावा. तो वाकडा दिसतो असे येणारे-जाणारे म्हणतात. फोटो सरळ आहे, भिंत वाकडी आहे.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे पाणसळ, ओळंबा, दोन्ही ड्रिल मशीन, शिकंजे आणि पान्ह्यांची पेटी, ही आमच्या टोळीतल्या माणसांनी आपसात वाटून घ्यावीत. भांडू नये. टोळीतल्या रंगाऱ्याला मात्र काही देऊ नये. त्याने माझी शिडी नेली आणि एक पायरी कमी करून परत आणली. वर मलाच म्हणतो, "मिस्त्री, तुम्ही उंच आहात, घ्या चालवून."

तसेच, ज्या चित्रकाराने आपले चित्र आम्हाला दिवसभर या भिंतीवरून त्या भिंतीवर नाचवायला लावले आणि शेवटी जिथून सुरुवात केली तिथेच टांगून घेतले, त्याचे आणि माझे काही देणे-घेणे नाही. उद्घाटनाच्या भाषणात त्याने चहावाल्याचेसुद्धा आभार मानले, आमचे नाही. मरताना माणसाने सगळ्यांना माफ करावे म्हणतात. त्याला माफ केले असे लिहिणारही होतो, पण मी शुद्धीवर आहे असे वर लिहून दिले आहे.

कलम तिसरे. हे घर वडिलांचे. अर्धे माझे, अर्धे माझ्या धाकट्या भावाचे. मधली भिंत प्लायवूडची आहे, ती मी घातली. ती का घातली ते आधी लिहितो, म्हणजे पुढचे कळेल.

आमच्या कामात मोठे ओझे दोघांनी मिळून न्यायचे असते. एक जण सरळ चालतो, दुसरा उलटा. उलट्या चालणाऱ्याला पाठीमागचे काही दिसत नाही. समोरचा हाक देतो, "पायरी", "थांब", "डावीकडे घे", आणि त्या हाकेवर तो पाय टाकतो. मी आणि धाकटा अशी जोडी होती. तो उलटा चालायचा, मी हाका द्यायचो. मी तेव्हा टोळीचा मुकादम होतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही एक काचपेटी जिन्यावरून खाली आणत होतो. मी "थांब" म्हणालो. धाकटा थांबला नाही. खाली वाट मोकळी करणारा आमचा सुतार पेटी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला आणि त्याचा उजवा हात चिरडला. त्या हातात पुन्हा रंधा आला नाही. चौकशी बसली तेव्हा धाकट्याने सांगितले, "दादा थांब म्हणालाच नाही." माझी मुकादमी गेली. त्याचे मला एवढे वाईट वाटले नाही. सुतार रस्त्यात मला पाहून दुसऱ्या बाजूने जाऊ लागला, त्याचे वाटले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार? मी संग्रहालयातून भंगारातले प्लायवूड आणले आणि घराच्या मधोमध भिंत घातली. आमचे बोलणे बंद झाले. कामावर मात्र जोडी तीच राहिली, कारण त्याच्यासारखा उलटा चालणारा दुसरा नव्हता.

सख्खा भाऊ माझ्या तोंडावर खोटे बोलला, हे मी दोन वर्षे उराशी धरून बसलो. मग एक दिवस दालनात काम चालू असताना माणसाच्या उंचीची काच कोणाच्या तरी हातून निसटली. त्या मोकळ्या दालनात केवढा आवाज झाला! सगळे दचकले, एकाच्या हातातला चहा सांडला. धाकटा काचेकडे पाठ करून भिंतीतली खिळ्याची भोके बुजवत होता. तो बुजवतच राहिला. त्याने मानही वळवली नाही.

घरी भिंतीपलीकडे टीव्ही एवढा मोठा का असतो, भावजय दिवसभर ओरडून का बोलते, सगळे एकदम उलगडले. माझा भाऊ खोटे बोललाच नव्हता. मी "थांब" म्हणालेले त्याला ऐकू आले नव्हते, एवढेच.

त्या दिवसापासून मी हाक देताना पेटीच्या लाकडावर बोटांनी ठोकू लागलो. एकदा ठोकले की थांब, दोनदा ठोकले की पायरी, नख घासले की वळ. लाकडातून ते त्याच्या हातांना समजते. मी असे का करतो, हे त्याने कधी विचारले नाही. पहिल्याच दिवशी तो बरोबर थांबला, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा चालू लागला. तोंडाने हाका मी देतच राहिलो, बाकीच्यांना कळू नये म्हणून. कारण ऐकू न येणाऱ्याला आमच्याकडे ओझ्याला लावत नाहीत, त्याचा करारच संपवतात. त्याला दुसरे काम येत नाही आणि दुसरे काही नकोही आहे. भावजय एकदा दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्यांच्या समोर असता म्हणून मी घरात निवांत असते. पण कुठे बोलू नका हो. काम गेलं तर हा माणूस राहायचा नाही." मी बोललो नाही.

आता मी त्याच्या समोर नसतो. दोन महिन्यांपासून या खाटेवर आहे. इतके दिवस संग्रहालयात हलकी चित्रे होती, त्यात निभावले. येत्या सोमवारी मोठ्या दालनात दगडी मूर्ती येणार आहे, तीन तुकड्यांत. एकेक तुकडा चेनपुलीला लटकवून वरून उतरवायचा आणि एकावर एक बसवायचा. खालचा माणूस वाकून दोन्ही हातांनी दगड जागेवर आणतो, वरचा साखळी सोडतो. साखळी सरकली की वरून ओरडतात, "हात काढ!" तिथे ठोकायला लाकूड नसते. वरच्याचा खालच्याला स्पर्श नसतो, फक्त आवाज असतो. वर नवा मुकादम असेल, त्याला यातले काही माहीत नाही. खाली धाकटा असेल. दगड बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे सगळे जाणतात, म्हणून त्यालाच उभे करतील. तो नाही म्हणणार नाही.

तरी माझी इच्छा अशी: घराचा माझा अर्धा हिस्सा धाकट्याला द्यावा, पण एका अटीवर. ओझे उचलण्याचे, उतरवण्याचे आणि दगडाखाली उभे राहण्याचे काम त्याने सोडावे. न सोडल्यास तो हिस्सा माझ्या मुलीकडे जाईल. संग्रहालयाच्या प्रदर्शन अधिकारी बाईंना माझी हात जोडून विनंती आहे की त्याला घरी बसवू नये. मूर्तींना आणि भांड्यांना मागून जे पितळी आधार लागतात ते घडवायच्या कामावर त्याला घ्यावे. ते टेबलावरचे काम आहे, त्याला कान लागत नाहीत.

कलम चौथे. संग्रहालयात माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. ज्यांना दोन शब्द बोलायचे आहेत त्यांनी ते मी जिवंत असताना बोलायचे होते.

इथवर लिहून झाले आणि साक्षीला बोलावलेला मोठ्या दालनाचा पहारेकरी आला. जुना माणूस आहे, तोंडाचा फटकळ. त्याने सगळे वाचले, तिसरे कलम दोनदा वाचले आणि मला विचारले, "मिस्त्री, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं ना?"

मी म्हटले, "मृत्युपत्र आहे, मग कधी उघडणार?"

"आणि दगड सोमवारी येतोय."

"हो."

"मग तुम्ही काय रविवारी मरणार आहात?"

मला हसू आले, मग खोकला आला. धाकट्याच्या तोंडावर हे बोलायची हिंमत नाही म्हणून मी मरणाच्या आडून लिहीत होतो. पहारेकऱ्याला म्हटले, जा, पलीकडून त्याला बोलावून आण.

सहा वर्षांत धाकटा प्रथमच भिंतीच्या या बाजूला आला. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने उभ्यानेच वाचला. वाचताना त्याचे ओठ हलतात, लहानपणापासून. त्यामुळे तो कुठे पोहोचला ते मला कळत होते. मग तो बोलला. तो ओरडत नव्हता, त्याचा आवाजच आता तसा झाला आहे.

"काच फुटली तेव्हापासून तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"मग तेव्हा नाही बोललास, आणि आता गावभर करतोयस?"

मी म्हटले, "सोमवारी जाऊ नकोस." तो माझ्या ओठांकडे पाहत होता, त्याला कळले.

"जाणार," तो म्हणाला. "त्या कामाशिवाय मी कोण आहे? तुला मरताना मला जिवंत मारून जायचंय का, दादा? तुझं घर तुला लखलाभ. आणि नीट ऐकून ठेव, तुला न्यायला मी यायचो नाही. माझा खांदा तुला मिळणार नाही."

कागद खाटेवर टाकून तो गेला. पलीकडे भावजयीचे रडणे सुरू झाले, ते अजून चालू आहे.

म्हणून, शुद्धीवर असतानाच, पुढील बदल करतो. तिसऱ्या कलमातील अट रद्द. घराचा माझा हिस्सा धाकट्याचाच, त्याने काम सोडो न सोडो. भावाला घराचे आमिष दाखवायला नको होते. मात्र तिसऱ्या कलमाची नक्कल करून मी पहारेकऱ्याकडे दिली आहे. ती त्याने आजच प्रदर्शन अधिकारी बाईंच्या घरी जाऊन त्यांच्या हातात द्यावी. वाचल्यावर त्या धाकट्याला सोमवारी दालनात सोडणार नाहीत. त्याला टेबलाच्या कामावर घेतील की हाकलून देतील, ते मला माहीत नाही. मी लिहायचे ते लिहिले आहे. तो जिवंत राहील आणि मी आहे तोवर माझे तोंड पाहणार नाही. चालेल मला.

मुलीला शेवटची सूचना. काका येणार नाही असे धरून चालावे आणि मला उचलायला चौथा माणूस आत्तापासूनच बघून ठेवावा.

ठिकाण: राहते घर, प्लायवूडच्या भिंतीची माझ्याकडची बाजू.
दिनांक: सात मार्च, शनिवार.

मृत्युपत्र करणारा, मोठा भाऊ: (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. लिहिणारा भानावर होता. बदल केलेला मजकूरही त्यानेच लिहिला.

साक्षीदार पहिला: मोठ्या दालनाचा पहारेकरी. स्वतः वाचून सही केली. नक्कल मिळाली, लगेच निघत आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. चष्मा घरी राहिल्यामुळे वाचून दाखवले, मग सही केली. (सही)