मोशेचं नियमशास्त्र आणि तुरीच्या दोन ओळी

ती. लिंगम्मा अक्कास,

धाकटा भाऊ अमृतप्पा याचा संतपूरहून प्रभूमध्ये सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? मादन हिप्परग्यात थंडी पडली असंल. इथं सकाळी धुकं असं बसायलंय की बांधावर उभं राहिलं तर आपण जमिनीवर हाव का वर, ते कळत न्हाई. (मला तसंही कमीच कळतं, असं महादेवी म्हणते. नवऱ्याबद्दल बायकोचं मत, तू मनावर घेऊ नको.)

तर अक्का, जानेवारीत अंकुशराव मास्तर रिटायर होऊन गावी आले. माणूस गोड. आपण येशूवर विश्वास ठेवणारे खरे, पण जन्मानं यहुदी न्हाई, परके. तरी मोशेनं यहुद्यांना दिलेलं नियमशास्त्र आपणही पाळलंच पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलेलं. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून एकेक नियम सांगायचे, आणि मी ऐकता ऐकता वाळवंटात पोचायचो. तंबू, ढगाचा खांब, शेळ्यामेंढ्या, आणि त्या चालणाऱ्या माणसांत सगळ्यात मागं मी. लई बरं वाटायचं. आपल्याला आज्याच्या पलीकडचं नाव सांगता येत न्हाई, आणि इथं हजारो वर्सांची वंशावळ घरबसल्या मिळायलेली.

शनिवार विसाव्याचा, कामाला हात लावायचा न्हाई, म्हणून चूल बंद झाली. मी शुक्रवारची भाकरी चघळत लिंबाखाली पडून राहायचो, महादेवी शेजारी जाऊन चहा पिऊन यायची. मग सुंतेचा नियम निघाला. वय चोपन्न. औरादला एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तक्रार काय विचारलं. मी म्हणालो, तक्रार न्हाई, शास्त्र आहे. त्यांनी शास्त्र बाजूला ठेवून रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली निघाली. आधी ती उतरवा, मग बघू, म्हणाले. (साखरेबद्दल देवाचे आभार मानणारा तालुक्यात मी एकटाच असंन.)

पेरणीचा नियम मात्र पेरणी झाल्यावर निघाला. एका रानात दोन जातींचं बी पेरू नये. आता आपल्याकडं सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी कोण टाकत न्हाई? तूर गुडघ्याला आलेली. श्रावणातली भुरभुर चालू होती, रान सगळं पांढुरकं, आणि मी झोपेत चालावं तसा तूर उपटत निघालो. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीवर महादेवी चिखलात बसलेली. ती ओरडली न्हाई, मला तिच्या ओरडण्याचीच सवय आहे, म्हणून मी थांबलो.

"देवानं आपल्याला बोलावलं, तवा तुमच्या रानात काय पेरलंय म्हणून इचारलं व्हतं का?" ती म्हणाली. "आपुन बी त्याच्या रानात दुसऱ्या जातीचंच बी हाव. त्यानं उपटून टाकलं का?"

मी तिथंच बसून हातातली रोपं परत लावायला लागलो, तीही लावू लागली. त्यातलं एकही जगलं न्हाई.

रविवारी चर्चात रामराव पाळकांना विचारलं. हे भांडण येशूमागच्या पहिल्या मंडळीतही झालतं म्हणाले, आणि यरुशलेमात बसून थोरांनी ठरवलं की परक्यांच्या मानेवर हे जू घालायचं न्हाई. अंकुशराव मास्तरांना ते पटलं न्हाई. अजून ओट्यावर येतात, अजून सांगतात. मी अजून ऐकतो, वाळवंटात जाऊन येतो, आणि सकाळी उठून आपलं काम करतो. उरलेली तूर आता फुलावर आलीय, दुपारी बांधावर बसलं की सगळं पिवळं पिवळं तरंगायलंय. शनिवारी लिंबाखाली पडायचं मात्र मी सोडलं न्हाई. तेवढा नियम माझ्या अंगाला बसला.

दाजींच्या पाया पडतो.

तुझा,
अमृतप्पा

ता.क. एवढं लिहिलं आणि लिहायचं तेच राहिलं. ईस्टरला तुझ्या घरी दाजींनी माझ्यासाठी मुद्दाम मासा आणला, त्याला खवलं न्हाईत, नियमात बसत न्हाई म्हणून मी भरल्या ताटावरून उठलो. नियम न पाळणाऱ्यांत जेवू नये म्हणालो आणि उपाशी निघून आलो. आपल्याला पंगतीतून उठवणारी माणसं आपण दोघांनी लहानपणी बघितलीत, अक्का. त्या दिवशी त्यांच्यातला एक मी झालो. तेव्हापासून तू माझा फोन उचलत न्हाईस, ते बरोबरच आहे. नाताळाला येऊ का?

पुन्हा ता.क. महादेवी म्हणते, पत्र कशाला, सरळ जाऊन पानावर बसा. पण तू वाढशील का, ते कळल्याशिवाय मला बसमध्ये पाय टाकवत न्हाई.