सरिताताईची राखी

प्रिय निकीचे पप्पा,

हे पाकीट केनवडच्या किशनच्या हातून तुमच्याकडे येतंय. त्याची सुट्टी संपली, आज दुपारी तो निघतोय, आणि तुम्ही दोघं एकाच पलटणीत म्हणून मला हा टपाल्या आयता मिळाला. तो म्हणत होता, वहिनी, फोनच्या जमान्यात कागद कायले लिहून राह्यल्या? मी म्हटलं, भाऊ, काही गोष्टी फोनवर नाही बोलवत. तो लाजून हसला. त्याला वाटलं असेल प्रेमपत्र आहे. वाटू द्या. पाकीट डिंकाने चिकटवून वरून टेपही मारतेय मी. चार जणांत बसून फोडू नका, बाजूला जाऊन एकटे वाचा. आणि रागात लिहितेय, तेव्हा मधूनच आपली बोली येईल. बी.ए. झालेली बायको असं लिहिते का म्हणून हसू नका. हसायचं तसंही काही नाही यात.

आधी घरचं सांगते. निकी मजेत आहे. तान्ह्या पोळ्याला तिने लाकडी बैलाला माझ्या जुन्या साडीचा काठ कापून झूल शिवायला लावली आणि अख्ख्या रिठद गावात मिरवून आणला. सोयाबीन बरं आहे, शेंगा भरताहेत, शेजारच्या वावरात मात्र पिवळा रोग पडलाय. आत्याबाईंच्या, म्हणजे तुमच्या आईच्या, डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टर दिवाळीनंतर करू म्हणतात. आणि तुमचे बाबा, म्हणजे आमचे मामाजी... त्यांच्यापासून सुरुवात केली तर हे पत्र संपायचं नाही, पण त्यांच्यापासूनच करावी लागेल.

तुम्ही मे महिन्यात आलात तेव्हाचा तो फ्लेक्स आठवतो? बसस्टँडवर, वर्दीतला तुमचा फोटो, वर पलटणीचं नाव, खाली ज्या ठिकाणी होतात त्याचं नाव, आणि त्याच्याखाली शुभेच्छुक म्हणून गावातले सगळे पोट्टे गॉगल लावून. तुम्ही जीपमधून उतरलात, ढोलताशा बाजूला राहिला, आधी तो फ्लेक्स उतरवायला लावलात. मामाजी आठवडाभर फुगून बसले होते. मग तुम्ही ओसरीवर आम्हा सगळ्यांना बसवलंत. वर्दीतला फोटो टाकायचा नाही, पलटणीचं नाव नाही, गाव नाही, कधी निघणार कधी पोचणार हे नाही, फोनमधलं लोकेशन बंद, अनोळखी माणसाशी मैत्री नाही. एकेका फोटोत मागचा डोंगर, गाडी, पाटी पाहून शत्रूला काय काय कळतं ते तुम्ही इतकं नीट समजावून सांगितलंत की मला माझ्याच नवऱ्याचा अभिमान वाटला. चहा थंड झाला तरी कोणी उठलं नाही.

आणि तुमची पाठ फिरली त्या दिवशी मामाजींनी काय केलं? स्टेशनवरून लाइव्ह! हे पाहा माहा हरीओम गाडीत बसून राह्यला, हा पाहा डबा! मी घरी बसून आपल्याच मोबाइलवर ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. घरी आल्यावर मी बोलले तर मलाच म्हणतात, अव साधना, पोरगं माहं हाय, चोरीचा माल हाय का लपवाले? मी म्हटलं, मामाजी, गावच्या त्या ग्रुपमध्ये खताच्या दुकानदारापासून विम्याच्या एजंटापर्यंत सगळे आहेत, कोण कोणाचा कोण, तुम्हाला माहीत आहे का? तर म्हणे, आपलेच लोकं हायेत सारे. दररोज सकाळी त्यांचा स्टेटस मी बघायचा, तुमचा फोटो असला की मी किंचाळायचं, त्यांनी तो काढायचा आणि दुपारी जेवण झालं की परत टाकायचा. दोन महिने हाच आमचा उद्योग. आत्याबाई म्हणायच्या, राहू दे ना व, बुढ्याले तेवढाच आनंद. अहो, आनंदाला मी कुठे नाही म्हणते! आनंद करायला दुसरं काही नाही का या घरात? नात आहे, वावर आहे, गोठ्यात एवढी देखणी गोऱ्ह्यांची जोडी आहे, टाका तिचा फोटो!

तर एवढं रामायण झाल्यावर राखीच्या आधी ही सरिताताई उगवली. फेसबुकवर. तिने मामाजींना लिहिलं, काका, मी शेलूबाजारची, आमचा महिलांचा बचत गट दरवर्षी सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवतो, दादांचा पत्ता द्या. डीपीला काय तर देवीचा फोटो. असे गट आपल्याकडे खरोखर राख्या पाठवतात, मीसुद्धा लग्नाआधी पाठवल्यात, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. आणि तुम्हाला बहीण नाही, याचं आत्याबाईंना केवढं दुःख आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ती बाई रोज आई, जेवलात का असं विचारायला लागली, आणि आत्याबाई पाघळल्या. हे सगळं महिनाभर माझ्या पाठीमागे चाललं होतं बरं का. मला कळलं पोळ्याच्या दिवशी, पुरणाला बसलो असताना. आत्याबाई सहज बोलून गेल्या, सरिता म्हणे राखी उशिरा पोचली तरी चालीन, पण पोचली पाहिजे.

कोण सरिता? माझ्या हातातलं पुरण तसंच राहिलं. मी मामाजींचा मोबाइल घेतला आणि त्यांच्या नावाने तिला विचारलं, बेटा, शेलूबाजारात तुमचं घर कोणत्या भागात? लगेच उत्तर आलं, स्टेशनच्या मागे, काका. आता माझं माहेर शेलूबाजार. हायवे आहे, बाजार आहे, पाहाल तिकडे जीपगाड्या आहेत, पण रेल्वे आमच्या गावाने कधी पाहिली नाही. स्टेशन कोठून आणलं बाप्पा या बाईनं? आधी मला हसूच आलं. मग कळलं, ही बाई शेलूबाजारची नाहीच.

त्यानंतर मी मामाजींना जे बोलले ते सून म्हणून बोलायला नको होतं, पण बोलले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुमच्या या मिरवण्यापायी यांची नोकरी जाईल, म्हटलं, नोकरीचं सोडा, जीव जाईल कोणाचा तरी. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळलं त्यांनी, पण घास खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी बैलांसोबत वावरात गेले ते अंधार पडल्यावरच आले, आणि दारातच मला म्हणाले, बाई, माह्यामुळं झालं, आता काय करू सांग. एवढा दांडगा माणूस, पण त्या घटकेला निकीएवढा दिसला मला.

मग मी तो सगळा संवाद पहिल्यापासून वाचायला घेतला, मामाजींनी नेमकं काय काय सांगितलंय ते पाहायला. आणि इथून पुढचं नीट वाचा.

मामाजींनी पत्ता दिलेला नाही. तिने परतपरत मागितला, लाडाने, रुसून, आईची शपथ घालून. दर वेळी या माणसाने एकच उत्तर लिहिलंय, मोडकंतोडकं, अर्धं हिंदीत. माह्या पोरानं सांगतलं हाय, पत्ता कोणाले द्याचा नाही, राखी आमच्या घरी पाठवा, आमी पोचवू. फोटोंचं वेड सुटलं नाही त्यांचं, मान्य. त्यांच्या स्टेटसमुळेच त्या बाईला हे घर सापडलं असेल, तेही मान्य. पण तुम्ही ओसरीवर बसून जे सांगितलंत त्यातली पत्त्याची गोष्ट त्या म्हाताऱ्याने गाठ मारून ठेवली होती. ज्याला मी भैताड, बिनअकलेचा समजत होते त्याने तोंड उघडलं नाही.

पण त्या बाईचे मेसेज वेगळंच सांगत होते. ती लिहिते, दादांचा गुडघा आता कसा आहे, काका? मामाजी विचारतात, कायचा गुडघा? ती लिहिते, पुढच्या महिन्यात दादा वर जाणार ना, तिथे राखी पोचणार नाही, म्हणून तर आता पत्ता हवा. मामाजी विचारतात, वर म्हणजे कोठी? गुडघा दुखावलाय, वरच्या चौकीवर जायचंय, घरात कोणालाच माहीत नव्हतं हो. मी तुमची बायको, मला माहीत नव्हतं. दररोज फोनवर विचारते, तब्येत कशी, आणि तुम्ही म्हणता, एकदम टकाटक. किशनला मी गप्पा मारतामारता नुसतं विचारलं, यांचा गुडघा आता बरा आहे का? तो चमकला. म्हणाला, वहिनी, त्यानं सांगतलं का तुमाले? आमाले तर शपथ घातली होती, घरी सांगू नका. वर जाण्याबद्दल मी त्याला विचारलंच नाही, आणि त्यानेही काढलं नाही. तो पोरगा नियम पाळतो.

मी म्हटलं, पलटणीतलं दुसरं कोणीतरी बोललं असेल. किती वेळ मी स्वतःला हेच सांगत बसले. मग शेवटून चौथा की पाचवा मेसेज वाचला. वहिनी अजून वाशीमला खोली घ्यायचं म्हणतात का, दादा त्यावरून फार उदास असतात. त्याखाली मामाजींनी बिचाऱ्यांनी विचारलंय, कायची खोली?

निकीच्या शाळेसाठी वाशीमला खोली घ्यायची, यावरून आपण भांडलो ते तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी, दार लावून, आवाज दाबून. आत्याबाईंना कळू दिलं नाही, मामाजींना कळू दिलं नाही, मी माझ्या आईलाही बोलले नाही. ते दोनच माणसांना ठाऊक होतं. मी तर त्या बाईला सांगितलेलं नाही.

ती तुमच्याशी कोणत्या नावाने बोलते मला माहीत नाही. सरिताच असेल, नाहीतर आणखी कोणी. बहीण म्हणून बोलते की दुसरं काही म्हणून, तेही माहीत नाही. विचारणार नाही असं मी मोठ्या मनाने म्हणू शकत नाही, विचारणार आहे, तुम्ही समोर आलात की कॉलर धरून विचारणार आहे. गुडघ्याचं जे मला सांगायला हवं होतं ते तिला सांगितलंत, आणि आपल्या भांडणाची उदासी तिच्याजवळ जाऊन काढलीत, याचा मला इतका राग आलाय आणि इतकं रडू आलंय की पोळीवर तेल लावायच्या ऐवजी मी पाणी लावत होते परवा. एक मात्र माझ्या लक्षात आलं. तिला सगळं कळलं, पण जागा कळली नाही, म्हणून तर ती म्हाताऱ्याच्या मागे लागली. म्हणजे तेवढं तुम्ही बोलला नाहीत. या एकाच गोष्टीवर मी हे पत्र लिहायला बसले. नाहीतर बसलेच नसते.

किशन काल निरोप घ्यायला आला तेव्हा त्याची बायको साक्षी त्याच्यासोबत होती. तिला पाचवा महिना आहे. मला म्हणे, वहिनी, आमच्या यांले तुमच्या यांचा लय आधार हाय, जिथं हे जातीन तिथं हरीओम भाऊ संग राहीन. मी तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि आत निघून गेले, कारण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. ज्या गाडीतून तुम्ही वर जाल त्याच गाडीत तोही असेल. त्याच्याकडे बघा आणि मग ठरवा, तुमची अब्रू मोठी की काय मोठं ते.

आता हे पत्र कशासाठी, ते. परवा मी आणि मामाजी वाशीमला पोलिसांकडे गेलो होतो. मामाजींचा फोन माझ्या हातात होता आणि मी तो टेबलावर ठेवला. त्यात काय आहे हे पूर्ण माहीत असताना ठेवला. त्यातलं बरंचसं तुमच्याकडूनच बाहेर गेलंय हे कोणाच्या लक्षात आलं तर काय होईल, नोकरीचं काय, निकीच्या शाळेचं काय, हे सगळं मनात येऊन गेलं आणि तरी ठेवला. ते सगळं वाचतील, आणि तिथून कागद तुमच्या साहेबांकडे जाईलच. तुम्हाला फोन करून सावध करावं असं शंभरदा वाटलं, पण तुमच्या फोनवर आणखी कोण कान लावून बसलंय याचा मला भरवसा राहिला नाही. म्हणून हा कागद. वाचून झाला की तसेच उठा, साहेबांकडे जा, आणि आपल्या तोंडाने सांगा. त्या बाईला काही लिहू नका, शिवी द्यायलासुद्धा नको, आणि फोनमधलं काही पुसू नका. होईल ती शिक्षा घ्या. मी आहे. वावर आहे. रिठदात आम्ही मान खाली घालून राहू काही दिवस, त्याने कोणी मरत नाही. पण आधी जा, कारण तिथे पोलिसांपुढे तुमच्या बाबांनी असा जबाब दिलाय: माझ्या मुलाचा यात काही दोष नाही, जे बाहेर गेलं ते सगळं मीच सांगितलं, मला अक्कल नव्हती. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. पोलीस साहेबांनी विचारलं, बरोबर आहे का, आणि मामाजींनी सही केली. मी काही बोलले नाही, ते बोलायचं काम तुमचं आहे.

तुमचीच,
साधना