टकली चिकटते कशी?

३ मार्च, सोमवार

चिकटली! मेली चिकटली!

तीन वर्षं जिच्यावर जीव लावला तिनंच दगा दिला. टकली म्हणजे माझं यीस्ट; पावातलं नव्हे, माणसाच्या तोंडात राहतं ते. साध्या यीस्टच्या अंगावर प्रथिनांची लव असते. तिच्या जोरावर ते माणसाच्या गालाच्या आतल्या पेशींना धरून बसतं, की झाला संसर्ग सुरू. त्यातल्या एका प्रथिनाला तर आपल्याच पेशी टाके घालून स्वतःला शिवून घेतात! काय बोलणार? मी ते प्रथिन बनवणारं जनुकच काढून टाकलं. म्हणून ही टकली. पाण्यानं धुतलं की तिनं वाहून जायचं, एवढंच तिचं काम.

आमच्या प्रयोगशाळेत रीत आहे — ज्याचा प्रयोग, त्याचा गाल. मागच्या महिन्यात माझी दाढ दुखत होती म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मिशाळनं गाल उसना दिला, तेव्हा टकली शहाण्यासारखी वाहून गेली. आज खात्रीसाठी स्वतःचा गाल आतून खरवडला, त्या पेशींवर टकली घालून धुतली, तर बाईसाहेब ठाण मांडून!

शुक्रवारी आमच्या गाईड मॅडम शोधनिबंध छापायला पाठवणार आहेत. टकली चिकटत असेल तर तीन वर्षं पाण्यात.

५ मार्च

पुन्हा चिकटली. मॅडम म्हणाल्या, "घाईत धुतेस तू." नाही हो! मिशाळ म्हणतो, "तुझ्या गालावर फिदा आहे ती." त्याला डबी फेकून मारली. रिकामी होती.

६ मार्च

एक तरी चांगली बातमी — काळी पँट सैल झाली! व्यायाम नाही, पथ्य नाही, फुकटात! नवरा म्हणाला, टेन्शनचा फायदा. आईला व्हिडिओ कॉलवर मिरवून दाखवली, तर तिचं भलतंच. "गालफडं बसलीत तुझी. जेवतेस ना?" अगं, बकाबका जेवते! मग हळूच, "आणि ती तुझी टकली काय म्हणते?" सगळं सांगितलं. "चिकटणार नाही बघ," म्हणाली, जणू तिनंच जनुक काढलंय.

तहान मात्र फार लागते. एसी कोरडा, दुसरं काय! बाटली भर, संपव, बाथरूमला पळ. मिशाळ म्हणतो टेबलालाच नळ बसवून घे.

७ मार्च

मॅडमनी निबंध थांबवला. रडले.

१० मार्च

आज मॅडम स्वतः माझ्या मायक्रोस्कोपवर बसल्या. मग म्हणाल्या, "नुसता गाल कुठाय?"

म्हणजे टकली न घालता, फक्त गालाच्या पेशींची काचपट्टी. केलीच नव्हती! आमच्यात कुणीच करत नाही. आपलाच गाल, त्यात काय असणार? मॅडमनी तिथल्या तिथे करायला लावली.

यीस्टच यीस्ट! झुपकेच्या झुपके, घट्ट धरून. टकली घातलेलीच नाही, मग हे कोण?

"हे तुझं घरचं," मॅडम म्हणाल्या. "लव शाबूत असलेलं. टकली बिचारी पहिल्या धुण्यातच जात होती."

मी उडीच मारली! मिशाळचा गाल पुन्हा खरवडला — टकली वाहून गेली. मॅडमचाही खरवडला — वाहून गेली! निबंध जाणार! सगळ्यांना आइस्क्रीम, मला दोन कप. निघताना मॅडम म्हणाल्या, "तुझ्या वयात तोंडात इतकं यीस्ट बरं नव्हे. उद्या डॉक्टरांना दाखव." हो हो म्हटलं.

११ मार्च

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तोंड पाहिलं. तहान लागते का? लागते. बाथरूमला सारखं जावं लागतं? हो. वजन? मी ऐटीत काळ्या पँटचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. रक्त घेतलं.

१२ मार्च

मधुमेह. साखर इतकी वर की घरीच सोडलं नाही. हाताला सलाइन, पोटाला इन्सुलिन. अंगात साखर वाढली की यीस्टचं फावतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून आठवडाभर अंगावर काढलं असतं तर बेशुद्धच आणावं लागलं असतं."

भीती वाटतेय. खूप.

आईचा फोन आला. "आवाज असा का गं?" मला सांगताच येईना. म्हटलं, "आई, तुझं बरोबर होतं. टकली नाही चिकटत."